काश्मीर राहू दे, मलप्रभेच्या मागे जा

पत्र : माई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय २६. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून चार वर्षं बेळगावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. त्यात बहुतेक नाईटच. यंदा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतलाय. जूनअखेर नोकरी सुटते, १० ऑगस्टला कॉलेज सुरू होतं. भाताची लावणी आणि कॉलेजची कागदपत्रं यांतून २४ दिवस मोकळे मिळतात. तेवढ्यात माझ्या १२५ सीसीच्या स्कूटरवरून एकटीनं श्रीनगरच्या लाल चौकापर्यंत जाऊन यायचं ठरवतेय. साठवलेले १ लाख ४० हजार आहेत, त्यातले ८५ हजार फीचे. बाबा म्हणतात, "रात्र-रात्र जागून मिळवलेला पैसा पेट्रोलात घालणार होय?" आई तर बोलायचीच बंद झाली आहे. घरी सांगणार आहे की हॉस्पिटलातली मैत्रीण सोबत येतेय. एक सिनियर सिस्टर म्हणाल्या, खोटं मंगळसूत्र घालून जा. चार वर्षं कुणी ना कुणी "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारतंय. थोडे दिवस मला कुणीच हाक मारू नये, एवढंच वाटतं. हा वेडेपणा आहे का? – एक सिस्टर, खानापूर

उत्तर : वेडेपणा मुळीच नाही. चार वर्षं नाईट केलेल्या बाईला एकटीनं कुठंतरी जावंसं वाटलं नसतं, तर मला जास्त काळजी वाटली असती. पण बेत कच्चा आहे, आणि घरी सांगायला जे खोटं जुळवून ठेवलंयस ते मला अजिबात पटलेलं नाही.

आधी बेत. खानापूरहून श्रीनगर सत्तावीस-अठ्ठावीसशे किलोमीटर. आपल्या दारातला हायवे धरून थेट दिल्ली, तिथून पुढे जम्मू. पावसात १२५ सीसीच्या स्कूटरवर दिवसाला अडीचशे किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. जायला अकरा दिवस, यायला अकरा. उरले दोन. हे म्हणजे नाईट संपवून त्याच पावली डे ड्युटीला उभं राहणं झालं. कोल्हापूर, सातारा, वसई, वापी, सुरत यातलं तुला काय दिसणार? पुढच्या ट्रकच्या चाकातून उडणारा चिखल.

त्यात महिना जुलैचा. ८ जुलैच्या सुमारास मान्सूननं सगळा देश व्यापलेला असतो, म्हणजे तू जिथं जिथं जाशील तिथं पाऊस तुझ्या आधी पोचलेला. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनच्या पट्ट्यात याच दिवसांत दरडी कोसळतात. अमरनाथ यात्रा चालू असते, यात्रेच्या गाड्यांचे ताफे सोडताना बाकीची वाहनं अडवून ठेवतात. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. आधीच न बोलणाऱ्या आईला तुझा फोनही लागला नाही, तर तिचं काय होईल याचा विचार कर. काश्मीर जरूर बघ. सप्टेंबरात जा, रेल्वेनं जा, पगार सुरू झाल्यावर जा. या २४ दिवसांत मात्र नको.

मग कुठं? तुझ्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. माउलीच्या यात्रेला गेली असशील. तिथून ती खानापूरवरून जाते, एम. के. हुबळीला हायवेच्या पुलाखालून निघते, सौंदत्तीला धरणात अडते, पुढे पट्टदकल, ऐहोळे करत कुडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि कृष्णा आंध्रात हंसलदेवीला बंगालच्या उपसागरात जाते. कणकुंबीत उभं राहिलं की अरबी समुद्र जवळ, घाट उतरला की गोवा. पण तिथं पडलेलं पाणी पाठ फिरवून थेट दुसऱ्या समुद्राला जातं. तू त्या पाण्याच्या मागे जा. देश आडवा ओलांडून होतो, आणि जाताना वाकडी वाट धरूनही हजार-बाराशे किलोमीटरच्या आत भागतं.

हे मी तुझं समाधान करायला सांगत नाही. मला हा रस्ता काश्मीरपेक्षा खरंच सरस वाटतो, निदान जुलैत तरी. खानापुरात धो-धो ओतत असतं तेव्हा सौंदत्ती गाठेपर्यंत रेनकोट उतरवावा लागतो. बदामी, हुनगुंद, लिंगसुगूर, रायचूर हा सगळा कमी पावसाचा टापू. मे महिन्यात तिथं भाजून निघतं, जुलैत आभाळ भरलेलं, वारा सुटलेला आणि मधूनच एखादी सर. स्कूटरवाल्याला याहून चांगले दिवस मिळायचे नाहीत.

पहिले दोन-तीन मुक्काम बदामीच्या आसपास कर. घाई करू नकोस. बदामीत सरकारी हॉटेल मयूर चालुक्य आहे, साधी लॉजही पुष्कळ. पट्टदकलला सकाळी दार उघडल्या उघडल्या जा. १९८७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, तरी त्या वेळेला तिथं तू, पहारेकरी आणि चार शेळ्या एवढीच गर्दी असते. देवळांच्या मागच्या बाजूनं खाली उतरलीस की मलप्रभा भेटेल. आपल्याकडे पुलाला लागणारी नदी तिथं रुंद, संथ आणि मातकट असते. बदामी-बागलकोट भागातली ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि एण्णेगाय (म्हणजे आपली भरली वांगी) खा. खानावळीत बस, पाहिजे तेवढं वाढतात.

कुडलसंगमला संगम बघ, बसवण्णांचा ऐक्यमंडप, म्हणजे त्यांची समाधी बघ. यात्रेकरूंची सोय तिथं चांगली आहे. जवळच आलमट्टी. सांगली-कोल्हापुरात पूर आला की ज्याच्या नावानं दोन्ही राज्यांत बोंब उठते ते धरण एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं. ५१९.६० मीटर हा तिथल्या पाण्याच्या पातळीचा आकडा आपल्या भागात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ, धरण बघितलेले मात्र थोडे.

तिथून रायचूर, राघवेंद्र स्वामींचं मंत्रालय, कर्नूल. हा टप्पा रुक्ष आहे. दोन दिवसांत उरक. कर्नूलहून आत्मकूर, दोरनाल करत श्रीशैल. इथं एक गोष्ट घोटून घे. दोरनालच्या पुढचा रस्ता नल्लमलाच्या जंगलातून, व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि रात्री तो बंद करतात. दुपारी तीनच्या आत वर पोचायचं, नाहीतर खालीच मुक्काम. धरण भरून दरवाजे उघडले की श्रीशैलला हैदराबादची सगळी गर्दी लोटते, म्हणून शनिवार-रविवार टाळ. आणि खोलीचं आधी फोन करून विचार, कारण काही देवस्थानं एकट्या माणसाला खोली देत नाहीत. पुरुषालाही देत नाहीत, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

श्रीशैलहून नागार्जुनसागर, तिथून विजयवाडा. विजयवाड्यात लॉजवर सामान टाकून सकाळी लवकर अवनिगड्डामार्गे हंसलदेवीला जा, संध्याकाळच्या आत परत ये. संगम गावापासून बराच पुढे आहे, शेवटचा रस्ता वाळूचा आणि ओसाड, तेव्हा भर दुपारी लोक असताना जा. समुद्रात उतरू नकोस. तिथलं पाणी ओढतं.

भाषेचं म्हणशील तर रायचूरपर्यंत कन्नड. वॉर्डात बोलून बोलून तुझं कन्नड माझ्याहून चांगलं असणार. पुढे तेलुगू, पण कन्नड वाचता येत असेल तर तेलुगू पाट्या अडखळत का होईना लागतात, अक्षरं इतकी जवळची आहेत. बाकी हिंदीवर निभतं. सीमाभागात वाढलेल्या पोरीला तीन भाषांत घासाघीस करायला कुणी शिकवावं लागत नाही.

आता घरचं. मैत्रीण सोबत येतेय असं सांगू नकोस. यात पाप-पुण्याचा प्रश्न नाही, प्रश्न सोयीचा आहे. लिंगसुगूरच्या पुढे स्कूटर बंद पडली, तू पडलीस, ताप आला, तर घरचे पहिला फोन त्या मैत्रिणीला लावणार. ती बेळगावात नाईटला. तिथून पुढचे दोन तास तुझ्या आई-बाबांचे कसे जातील? कॅज्युअल्टीच्या दारात उभे राहिलेले नातेवाईक तू माझ्यापेक्षा जास्त बघितलेत. शिवाय खोटं एकदा सांगितलं की रोज सांभाळावं लागतं. "तिला फोन दे" म्हटलं की काय करशील?

मला वाटतं, बाबांचा विरोध तुझ्या जाण्याला तेवढा नाही. लाल चौक त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो टीव्हीवरच्या बातम्यांतला. सौंदत्तीची यल्लम्मा, कुडलसंगम, मंत्रालय, श्रीशैल ही नावं मात्र त्यांच्या ओळखीची आहेत. आपल्या उत्तर कर्नाटकातले लोक उगादीला श्रीशैलपर्यंत पायी जातात, तुमच्या गावातूनही कुणी गेलं असेल. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराज श्रीशैलला थांबले होते, हेही बाबांना सांग, चालतंय. पण देवाच्या नावाखाली सहल लपवू नकोस. "देवाला जातेय" म्हणशील तर आई म्हणेल, मी पण येते. मग बसा दोघी स्कूटरवर! पत्रात शेवटी जे लिहिलंयस तेच घरी सांग : चार वर्षं सगळे हाक मारतायत, थोडे दिवस एकटी राहू द्या. हे तू बाबांना अजून सांगितलेलंच नाहीस, असा माझा अंदाज आहे. त्यांच्याशी तू फक्त किलोमीटर आणि पैसे बोललीस, म्हणून तेही पैशावरच बोलले.

मुक्कामांची यादी कागदावर लिहून भिंतीवर लावून जा. गावाचं नाव, लॉजचं नाव, फोन. घरच्या कुणाला तरी लाइव्ह लोकेशन दे. आणि घरी रोज एकच फोन, मुक्कामी पोचल्यावर, सातच्या आत. दर तासाला फोन करायची सवय लावलीस तर एखादा चुकला की तिकडे रडारड, आणि तुला जो एकांत हवाय तोही गेला. अडचण आली तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर गाडीचं काही झालं तर १०३३.

मंगळसूत्राबद्दल. तुझ्या सिनियर सिस्टरनी काळजीपोटी सांगितलंय, त्यांना हसू नकोस. घालून बरं वाटत असेल तर घाल, कुणाच्या बापाचं काही जात नाही. पण त्याच्या भरवशावर अंधारात कुठंही थांबायचं नाही. उजेडात पोचणं, लॉज बसस्टँडच्या किंवा बाजाराच्या गजबजाटात घेणं, खोली बघून मगच पैसे देणं, आतली कडी नीट बसते का ते बघणं, यानं जेवढं राखलं जातं तेवढं काळ्या मण्यांनी नाही. "नवरा मागून येतोय" म्हणायचं असेल तर मंगळसूत्राशिवायही म्हणता येतं. परक्याशी बोललेलं हे खोटं मला चालतं.

पैसे. फीचे ८५ हजार वेगळ्या खात्यात टाक आणि ते कार्ड आईकडे दे. उरलेल्या ५५ हजारांतले ३० हजार प्रवासाला, बाकीचे अडीनडीला. पंधरा दिवस धर. लॉजला सरासरी नऊशे, जेवणखाण चारशे, म्हणजे साडेएकोणीस हजार. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर बाराशे किलोमीटरला सत्तावीस लिटर, आत-बाहेर फिरणं धरून चाळीस म्हण. शंभराच्या वरचा भाव धरून साडेचार हजारांत बसतं. टोल दुचाकीला नाही. बाकीचे परतीला आणि चिल्लर खर्चाला.

परतीला स्कूटर चालवत येऊ नकोस. विजयवाड्याहून हुबळीला अमरावती एक्सप्रेस आहे. स्कूटर रेल्वेतून पार्सलनं येते. पेट्रोलची टाकी रिकामी करावी लागते, आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते, पॅकिंग करणारे स्टेशनबाहेरच भेटतात. पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी जाऊन विचारून ठेव. तोच रस्ता उलटा मोजण्यात तीन-चार दिवस घालवण्यापेक्षा कॉलेजच्या आधी घरी झोप.

झोपेवरून आठवलं. औषधांच्या पेटीत काय भरायचं हे मी तुला सांगणं म्हणजे सूर्यापुढे काजवा. पण नर्स बाई स्वतःच्या शरीराचं काही ऐकत नाही, हेही मला माहीत आहे. शेवटची नाईट संपवून दुसऱ्या दिवशी स्कूटरला किक मारायची नाही. चार वर्षं दिवसा झोपलेलं शरीर दुपारी हँडलवरच डुलकी घेईल. आधी घरी राहा, लावणीला जा. सकाळी सहाला चिखलात उतरलं की रात्री नऊला आपोआप आडवं व्हायला होतं. आठवडाभरात घड्याळ ताळ्यावर येतं, आणि लावणी टाकून पोरगी भटकायला गेली असं म्हणायची सोयही कुणाला राहत नाही. रस्त्यातही दुपारी दोन ते चार सावली बघून थांबायचं.

स्कूटरचं थोडक्यात. ड्राइव्ह बेल्ट जुना असेल तर बदलूनच घे. तो रस्त्यात तुटला की ढकलण्यापलीकडे काही करता येत नाही. मागचा टायर गुळगुळीत झाला असेल तर तोही. टायर ट्यूबलेस असतील तर पंक्चरचं किट घे आणि गॅरेजवाल्यासमोर बसून एकदा स्वतःच्या हातानं पट्टी मारून बघ. शीर शोधणाऱ्या हाताला हे अवघड नाही. विम्याची तारीख बघ, त्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का तेही बघ. हॉस्पिटलचा ग्रुप विमा नोकरी सुटली की सुटला. लायसन, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये टाकून ठेव, पोलिसांना ते चालतं.

आणि कागदपत्रांतलं सगळ्यात महत्त्वाचं : रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात पडल्याशिवाय निघायचं नाही. "पुढच्या आठवड्यात या सिस्टर" असं गोड बोलून महिना-महिना लटकवणारी हॉस्पिटलं तुला माहीत आहेत. जीएनएमच्या मूळ मार्कशीट, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सगळं घरी कपाटात राहू दे, सोबत एकही मूळ कागद नको. कॉलेजकडून कशासाठी फोन आला तर कुणी जायचं, हे घरी सांगून ठेव.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी, लॉजच्या खोलीत पंखा फिरत असताना, तुला रडू येईल. काही कारण नसेल. दिवसभरात पेट्रोलवाला आणि जेवण वाढणारा यांच्याशिवाय कुणाशी बोललेली नसशील. त्या रात्री "माझं चुकलं" असा निर्णय घेऊन टाकू नकोस, आणि मोबाइल घेऊन बारा वाजेपर्यंत रील्सही बघू नकोस. जेवून झोप. सकाळी पुन्हा तसंच वाटलं, त्याच्या पुढच्या सकाळीही वाटलं, तर खुशाल परत फिर. कुणाला हिशेब द्यायचा नाहीये.

राहता राहिलं, एवढं करूनही बाबा नाही म्हणाले तर. तू २६ वर्षांची आहेस, पैसे तुझे, परवानगीवाचून तुझं अडत नाही. पण भांडून निघालीस तर भांडण डिकीत घेऊन फिरशील. त्यापेक्षा पहिल्यांदा फक्त कुडलसंगमपर्यंतचं सांग, चार-पाच दिवसांचं. सौंदत्ती, बदामी, पट्टदकल, संगम. तेवढ्याला ते नाही म्हणतील असं वाटत नाही. रोज सातच्या आत फोन कर. आणि संगमावर पोचलीस की पुढे जाऊ का, हे तिथूनच विचार.